माझ्याच अक्षरातलं ‘नाही’

रक्तदाबाची गोळी चालू असताना कुणाच्या आग्रहाखातर गरम खोलीत योगासनं करायला निघालेल्या बायकांसाठी हे लिहितेय. मला लिहिण्याची हौस नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत बसून लोकांचे अर्ज तपासले, तेवढंच काय ते माझं लिखाण. पण माझ्या आजारपणाची जी गोष्ट आमच्या विश्रामबागेत फिरतेय ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी सांगणारी मी एकटीच.

फिरणारी गोष्ट अशी. विमलवहिनींनी आजार लपवला, ‘मला काही नाही’ असं फॉर्मवर लिहून दिलं, क्लासात धाडकन पडल्या, आणि त्या बिचाऱ्या रेणूचा नवा क्लास बदनाम केला.

आता खरं सांगायचं तर आजार मी लपवलाच होता. पण कुणापासून, कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी विचारत नाही.

शैला

शैला माझी मैत्रीण. कचेरीत बावीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर. माहेर आणि सासर दोन्ही रहिमतपूरकडचं, नवरा फौजेत, आणि ही नोकरीसाठी मुलीला घेऊन सांगलीत राहिलेली. बोलणं दणदणीत, मन मोकळं. साहेबाला तोंडावर सुनावायची आणि मग त्यालाच चहा पाजायची.

आम्हा दोघींना रक्तदाब एकाच वर्षी निघाला. अकराचा चहा आला की ती पर्स उघडायची. “चल गं, प्रसाद घ्यायची येळ झाली.” तिची गोळी पांढरी, माझी पिवळी. माझी लघवीवाटे पाणी काढणारी आहे, हेही तिला माहीत. कारण गोळी घेतल्यावर मी दोनदा उठायचे आणि ती माझ्या टेबलावरचे अर्ज सांभाळायची.

आम्ही जैन. चातुर्मासात माझा नेम असतो, दिवस बुडाल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, तो सकाळी सूर्य चांगला वर येईपर्यंत. तोही शैलाला माझ्या सासूपेक्षा जास्त पाठ. पाच वाजले की खिडकीबाहेर बघून ओरडायची, “ऊठ विमले, दिवस चालला. घरी जाऊन जेव. ऱ्हायलेलं मी बघते.” पेन्शनच्या कागदांवर तिची साक्षीदार मी, माझी ती. एवढं सगळं का सांगतेय? कारण पुढं हीच बाई म्हणाली, मला काही माहीत नाही.

फॉर्म

निवृत्तीनंतर माझे गुडघे धरले. जिना चढताना ‘आई गं’ केल्याशिवाय पाऊल उचलेना. त्याच सुमारास शैलाची मुलगी रेणू पुण्याहून हॉट योगा शिकून आली आणि विश्रामबागेत एका दुकानावरचा हॉल घेऊन तिनं क्लास काढला. खोलीत हीटर लावून उकाडा करायचा आणि त्यात आसनं करायची. आमचे हे म्हणाले, “सांगलीच्या उन्हाळ्यात दारात उभं राहिलं तरी हॉट योगा होतो. त्याला क्लास कशाला?” पुढं गंभीरपणे म्हणाले, “तुला बीपी आहे, जाऊ नकोस.” हे त्यांनी एकदा नाही, चारदा सांगितलं.

मी गेले. शैला बोलवायला आली म्हटल्यावर मी कुठं जात नव्हते?

रेणूनं प्रत्येकीला फॉर्म दिला. रक्तदाब, साखर, हृदयाचं काही, मूत्रपिंडाचं काही, चालू औषधं, उपवास. फॉर्म चांगला होता, मी असे हजारो बघितलेत. मी नीट, सुटं अक्षर काढून लिहिलं: रक्तदाब आहे, गोळीचं नाव अमुक, चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाणी नाही. शैला शेजारी बसली होती. तिनं मान वाकडी करून वाचलं आणि कागद माझ्या हाताखालून ओढला.

“अगं ये शाणे, हे कशाला लिवलंस? डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणंल ती. लय कडक हाय पोरगी. मग तू डॉक्टरकडं जाणार, त्यो नगं म्हणणार, आन् पैल्याच बॅचला चटई मोकळी.”

“अगं पण खरं आहे ते.”

“खरं हाय, कोन न्हाई म्हणतंय? मी हाय की शेजारी. मला सगळं ठावं हाय तुझं. दुसरा फॉर्म घे, ‘नाही’ लिव, सोड.”

तिनं पहिला कागद चार तुकडे करून पर्समध्ये टाकला. आणि मी दुसरा घेऊन सगळ्या रकान्यांत ‘नाही, नाही, नाही’ लिहिलं आणि खाली सही केली. खोट्या माहितीचे अर्ज परत पाठवणारी मी! कुणी अशी सही करून आणली असती तर भर कचेरीत त्याची हजेरी घेतली असती.

पहिले तीन आठवडे, खोटं कशाला बोलू, छान गेले. गुडघे मोकळे झाले. उकाड्यात अंग लोण्यासारखं वळायचं. निघण्याआधी दोन पेले पाणी पिऊन जायचे, आल्यावर गोळी.

मग चातुर्मास लागला. मी शैलाला म्हटलं, “आता सकाळचं पाणी बंद. मी चार महिने थांबते.”

“थांबलीस की गुडघं परत धरत्याल. गोळी तेवढी सांजच्याला घे, दिवस बुडायच्या आत. सकाळी मोकळी. काय हुतंय!”

डॉक्टरला विचारायला हवं होतं. शैलाला विचारून गोळीची वेळ बदलली.

त्या दिवशी

श्रावणातला सोमवार. आदल्या संध्याकाळी जेवताना गोळी घेतली, वर जेमतेम पेलाभर पाणी. रात्रीत चार वेळा उठले. गोळी तिचं काम चोख करत होती, पाणी बाहेर काढत होती. आत काही जात नव्हतं. पहाटे जीभ टाळ्याला चिकटलेली. नेमाच्या दिवसांत असं होतंच, म्हणून मनावर घेतलं नाही.

सहाचा क्लास. अर्ध्या तासात पोटऱ्यांत गोळे आले. मग कानांत शिट्टी वाजायला लागली. रेणू रोजच्यासारखं म्हणाली, “गरगरत असेल तर खाली बसा, बाहेर जा, लाज वाटून घेऊ नका.” हे तिनं म्हटलं, मी ऐकलं. रेणूचा यात दोष नाही, हे मी लिहून ठेवते.

मी शेजारच्या चटईवर शैलाकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, दोनच राहिलीत, कर. मी केलं. पुढचं आसन एका पायावरचं होतं.

खांबावर कपाळ आपटलं, चार टाके पडले. ते मला नंतर कळलं.

मी ऐकत होते

हॉस्पिटलात मला शुद्ध होती आणि नव्हती. डोळे उघडत नव्हते, जीभ वळत नव्हती, पण कान चालू होते. तरुण डॉक्टरीणबाई विचारत होत्या, “बोलणं जड झालंय यांचं. काही आजार? बीपी, शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

आणि माझ्या डोक्यापाशी शैलाचा आवाज. तो आवाज मी बावीस वर्षं ऐकलाय.

“मला न्हाई बा ठावं. तिनं फॉर्मवर कायबी न्हाई म्हणून लिवलंय.”

मला ओरडायचं होतं. शैले, पिवळी गोळी! अकराचा चहा! पण तोंडातून ‘ग्यॅ ग्यॅ’ असं काहीतरी आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, डोक्यातला झटका असेल. मला त्या मशीनच्या बोगद्यात घातलं. आमचे हे पहाटेच कामाला मिरजेला गेले होते, त्यांना फोन उशिरा लागला. दोन तासांनी घरून गोळ्यांची पट्टी घेऊन आले, तेव्हा कुठं बाई म्हणाल्या, “अहो, हे आधी कळायला हवं होतं.” रक्तातलं मीठ उतरलं होतं, अंगातलं पाणी आटलं होतं, आणि मूत्रपिंडांनी संप पुकारला होता.

पडण्याचं मला वाईट वाटत नाही. पडायचं काम मीच केलं. पण ते दोन तास शैला बाकावर बसून होती आणि तिच्या पर्समध्ये तिची स्वतःची बीपीची पट्टी होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, आणि तो कापताना मी शुद्धीवर होते.

सलाईन

दोन दिवस डायलिसिस करावं लागेल की नाही, यावर सगळे कुजबुजत होते. मी छताकडं बघत पडायचे. बाटलीत लघवी किती जमली हे नर्स मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहायच्या आणि घरचे येऊन आधी तो कागद वाचायचे, मग माझं तोंड बघायचे. एवढी नोकरी करून शेवटी आपली किंमत त्या बाटलीवर येऊन ठेपते.

पहिल्याच संध्याकाळी मी पाणी घ्यायचं नाकारलं. नेम मोडायचा नाही. रात्रपाळीच्या मावशी औंधच्या होत्या, आडव्या बांध्याच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी पेला परत ठेवला, कमरेवर हात घेतले.

“आवं काकू, ती सलाईन बगा. दिस बुडाल्यावर ती थांबली व्हय? ते बी पाणीच हाय की. हातानं पेताय, मग तोंडानं पेलं तर देव काय हातात काठी घिऊन येतोय?”

मला हसू आलं आणि टाके दुखले. तरी प्यायले नाही. मावशींनी वाद घातला नाही, ओला कापूस घेतला आणि माझे ओठ पुसले, रात्रभरात तीन-चार वेळा. त्या बाईला मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी आमचे हे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन वयस्कर पंडितजींना विचारून आले. ते म्हणाले, नेम घेताना आजारपणाची मोकळीक ठेवलेलीच असते, वहिनींनी आधी विचारायला हवं होतं. त्या रात्री मी पाणी प्यायले. पेलाभर साधं पाणी, आणि मी रडले.

तिसऱ्या दिवशी शैला आली. मला वाटलं, आता कबूल करेल. मी डोळे मिटूनच होते. ती यांच्याजवळ उभी राहिली आणि पर्समधून फॉर्म काढला. “दाजी, तुमाला वाटंल आमच्या रेणूचं चुकलं. हे बगा. हिचंच अक्षर हाय नव्हं?”

यांनी कागद हातात घेऊन खालची सही बघितली. मग म्हणाले, “हो. तिचंच.”

ती गेल्यावर मी सगळं सांगितलं, अडखळत, तुटक. यांनी ऐकून घेतलं. “आराम कर,” म्हणाले. विश्वास बसला नव्हता. चाळीस वर्षांचा संसार एका बाजूला, आणि माझ्या सहीचा कागद दुसऱ्या बाजूला. कागद जिंकला. मी कारकून बाई, मला हे कळायला हवं होतं.

मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली. आठव्या दिवशी घरी आले. शैला तोवर रहिमतपूरला निघून गेली होती. फोन उचलत नव्हती.

जाणार असाल तर

मला भेटायला येणाऱ्या बायका हळूच विचारतात, मग आम्ही जायचं की नाही? डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते सांगते. गरम खोलीतला योग वाईट नाही, पण तो सरसकट सगळ्यांना नाही. बीपीची गोळी, त्यातून पाणी काढणारी असली तर विशेष, साखरेचं औषध, हृदय किंवा मूत्रपिंडाचं काही, पोटात बाळ, यातलं एक जरी असलं तरी आधी आपल्या डॉक्टरला विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर नको. साधी आसनं साध्या खोलीत करा, गुडघ्यांना उकाडा कळत नाही. मी आता तेच करते, आणि जिना चढते.

गोळीची वेळ स्वतःच्या मनानं बदलू नका, मैत्रिणीच्या मनानं तर मुळीच नको. उपवासाच्या दिवशी, निर्जळीच्या दिवशी त्या खोलीत पाय टाकू नका. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर आधी पाणी, नंतर पाणी. चटई दाराजवळ टाका. गरगरलं, गोळे आले, कानांत वाजलं की उठून बाहेर, शेजारणीकडं बघायचं नाही. आणि बाहेर येऊनही बरं वाटेना, बोलणं अडखळलं, तर घरी नव्हे, दवाखान्यात.

आणखी एक, हे कुठल्या डॉक्टरनं नाही सांगितलं. पर्समध्ये आपल्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवा, स्वतःच्या अक्षरात. तुम्हाला दवाखान्यात नेणारं माणूस कितीही जवळचं असो, चिठ्ठी ठेवा.

रेणू

महिन्याभरानं रेणू आली. दारातच उभी. पोरगी वाळली होती.

“काकू, एक विचारते, रागावू नका. तुम्ही मला का नाही सांगितलं? मी तुम्हाला नाही म्हटलं असतं, पण वेगळं काही शिकवलं असतं. तुम्ही मला फसवलंत असं वाटतंय.”

म्हणजे माझ्यासारखंच तिलाही वाटत होतं. आणि एक वाक्य बोलले की तिची आई तिच्या मनातून उतरणार होती. मी गप्प राहावं असं कुणाला वाटेल. मला नाही वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून मी पुष्कळ गिळलं होतं. मी सगळं सांगितलं.

रेणू खाली बसली. मग म्हणाली, “आईनं तुमचा पहिला फॉर्म फाडला?”

“चार तुकडे केले. पर्समध्ये टाकले.”

तिनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला. “मला खरा भरून द्या, काकू. माझ्याकडं खरा कागद पाहिजे.”

मी भरला. रक्तदाब आहे. गोळीचं नाव. नेम. खाली लिहिलं, आधीचा खोटा फॉर्म शैलाच्या सांगण्यावरून भरला, सही माझी आहे. मग पट्टीनं एक रेघ मारली आणि तिच्यापुढं लिहिलं: साक्षीदार. म्हटलं, “हा मी दोन दिवसांनी देते.”

रहिमतपूर

सकाळच्या गाडीनं एकटीच गेले. हे नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. शैलाच्या घरासमोर तिचे सुभेदार दाढी करत होते. मला बघून वस्तरा तसाच हातात धरून उभे राहिले. “या या वैनी. आवं शैला, कोन आलंय बग.”

शैला बाहेर आली आणि तिचा चेहरा पडला. मी कागद पुढं केला. तिनं वाचला. सुभेदार समजून आत निघून गेले.

“काय करू म्हंतीस?” ती म्हणाली. “पोरीचं नवं हुतं. तुझं काय, तू बरी झालीस. तिचं नाव गेलं असतं तर परत आलं असतं व्हय?”

“मी मेले असते तर मी परत आले असते?”

“तसं न्हवं गं.”

“मग कसं? डॉक्टर विचारत होती तुला. फॉर्मचं सोड. तेवढी पिवळी गोळी सांगायची होतीस, शैले. नाव नको, नुसता रंग.”

ती पदरानं नाक पुसत राहिली. “भ्याले मी. म्हटलं, सांगितलं तर इचारत्याल, तुला ठावं हुतं तर फॉर्मवर का न्हाई? एकदा तोंडातनं ‘न्हाई’ गेलं, मग मागं घेता येईना.”

हे तिनं खरं सांगितलं, एवढं मानते. माझा राग मावळला नाही, तसाच राहिला. मी पेन दिलं. तिनं कागद मांडीवर घेऊन रेघेवर सही केली, पेन्शनच्या कागदावर केली होती तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून.

“ऊन लय हाय,” ती म्हणाली आणि आतून तांब्या-भांडं घेऊन आली. “पाणी पिऊन जा. तुला पाणी कमी पडाया नगं आता.”

घसा कोरडा पडला होता. बावीस वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्यायले, डब्यातलं खाल्लं. भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. मी चप्पल घातली आणि स्टेशनवर येऊन माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.

घरी पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. कागद यांच्यापुढं ठेवला. यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, साक्षीदाराच्या सहीवर बोट ठेवलं.

“म्हणजे तिनंच लिहायला लावलं.”

“हो. मी सांगत होते ना?”

“माझं चुकलं, मी कागदावर विश्वास ठेवला.” त्यांनी चष्मा काढला. “पण विमल, मी तुला चारदा सांगितलं होतं, जाऊ नकोस. ती एकदा म्हणाली, ‘नाही’ लिव, आणि तू लिहिलंस. माझं का नाही ऐकलंस गं?”

दीड महिना मी मनात शैलाशीच भांडत होते. हा प्रश्न माझ्याकडंही येईल असं वाटलं नव्हतं.

हे उठले, स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. बाहेर अंधार पडला होता, चातुर्मास अजून संपला नव्हता. मी तो पेला उचलला आणि सगळा प्यायले.